एका लेखकाचा एकपात्री प्रयोग वीस-पंचवीस वर्षं कसा टिकवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३४, प्रायोगिक रंगभूमीवर दहा वर्षं काम. आता राम गणेश गडकऱ्यांवर एकपात्री प्रयोग उभा करायचा आहे आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं त्यालाच द्यायची आहेत. त्यासाठी गडकऱ्यांसारखं दिसायचं कसं, दोन तासांची संहिता कुणाकडून लिहून घ्यायची आणि हक्कांचं काय, असं विचारलं आहे.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण मला खरी अडचण चौथीच दिसते. दोन तासांची एकच बांधीव संहिता पंचवीस वर्षं तग धरत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी नट ती झोपेतही म्हणू शकतो, आणि तिथून ती मरायला लागते. आयुष्यभर चालणाऱ्या अशा कामात तुम्हाला लेखकाच्या मजकुराचं भांडार जमवायचं आणि राखायचं असतं. प्रयोग म्हणजे त्या भांडारातून त्या दिवशी काढलेला वाटा. हे आधी ठरलं की रंगभूषा, संहिता आणि हक्क हे तिन्ही प्रश्न बरेच सोपे होतात.

अमेरिकन नट हॅल हॉलब्रुक यांनी १९५४ साली मार्क ट्वेन या लेखकावरचा एकपात्री प्रयोग सुरू केला, तेव्हा ते २९ वर्षांचे होते. रंगमंचावरचा ट्वेन होता सत्तरीचा. हा प्रयोग त्यांनी २०१७ पर्यंत, म्हणजे वयाच्या ९२ व्या वर्षापर्यंत केला. दोन हजारांहून अधिक प्रयोग झाले, १९६६ मध्ये त्यासाठी टोनी पुरस्कारही मिळाला. यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक म्हणजे ते मजकूर सतत बदलत राहिले. दुसरी म्हणजे ज्या वयाकडे नट हळूहळू जाणार होता, तेच वय त्यांनी पात्राला दिलं. रंगभूषेचे थर वर्षागणिक कमी होत जातील, अशी ती निवड होती.

इथेच तुमची निवड अडते. गडकरी २६ मे १८८५ ला जन्मले आणि २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला वारले, म्हणजे ३३ वर्षं आणि जवळपास आठ महिन्यांचे असताना. तुम्ही आजच त्यांच्याहून मोठे आहात. पंचवीस वर्षांनी साठीला टेकलेला नट तिशीतला क्षयरोगी नाटककार म्हणून उभा राहिला, तर पहिली दहा मिनिटं प्रेक्षक वयाचीच वजाबाकी करत बसतील. मराठीत ही अडचण वारंवार येते. बालकवी २७ व्या वर्षी गेले, केशवसुत ३९ व्या. त्यामुळे ‘हुबेहूब गडकरी कसा दिसू’ या प्रश्नाला माझं उत्तर आहे: दिसूच नका.

त्याऐवजी निवेदक घ्या. गडकऱ्यांच्या नाटकांच्या तालमींना हजर असलेला, नाटक मंडळीतला एक काल्पनिक प्रॉम्प्टर, म्हणजे नट अडला की विंगेतून त्याला शब्द सांगणारा. काल्पनिक आहे हे पत्रिकेत आणि प्रयोगाच्या पहिल्या दोन मिनिटांतच स्पष्ट सांगा. याचे तीन फायदे आहेत. १९१९ मध्ये हा माणूस पंचविशीत असेल, तर तुमच्या आजच्या वयाला तो १९२८ च्या सुमारास बोलतो आहे असं धरता येतं, आणि तुम्ही साठीला आलात की १९५३-५४ मध्ये. प्रयोगाचं साल नटाच्या वयाबरोबर पुढे सरकतं, रंगभूषेला वयाशी झगडावं लागत नाही. दुसरं, प्रॉम्प्टरच्या हातात नाटकाची वही असणं अगदी स्वाभाविक आहे. एकपात्रीत नट अडकला तर सावरून घ्यायला समोर कुणी नसतं. वहीत खरोखरचा मजकूर मोठ्या अक्षरात चिकटवलेला असेल, तर ती उघडून दोन ओळी वाचणं हा अभिनयाचाच भाग होतो. मात्र आठवत असतानाही दर प्रयोगात दोन-तीनदा वही उघडा, म्हणजे अडकल्यावर उघडली तरी कुणाला कळणार नाही. तिसरं, निवेदक गडकऱ्यांची नाटकं, ‘गोविंदाग्रज’ या नावाची कविता आणि ‘बाळकराम’ या नावाचा विनोद या तिन्ही आवाजांत सहज ये-जा करू शकतो. स्वतः गडकरी रंगमंचावर उभे केले तर ते आपल्याच कविता का म्हणून दाखवताहेत, याचं कारण दर वेळी शोधावं लागतं.

निवेदकाला एक बंधन मात्र घाला. त्याला मतं असू शकतात, लोभ-राग असू शकतो, पण गडकऱ्यांबद्दलची छापील आधार नसलेली एकही घटना त्याने सांगायची नाही. नाहीतर तुमच्या लेखणीतून आलेला एखादा हृद्य प्रसंग दहा वर्षांत चरित्रात जाऊन बसतो.

हे सगळं लेखकावर अवलंबून आहे, हेही खरं. लक्ष्मीबाई टिळकांसारखी लेखिका असती तर मी उलट सांगितलं असतं. त्यांचं आत्मकथन प्रथमपुरुषी आणि बोलतं आहे, लिहिणारी बाई साठीच्या घरातली आहे. तिथे थेट त्याच व्हा. बहिणाबाईंच्या बाबतीत पुन्हा वेगळं. तिथे बोली हाच कणा आहे, आणि ‘मियते’ला ‘मिळते’ म्हणणाऱ्या नटाने आधी खानदेशात राहून कान तयार करावा. सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून सावित्रीबाई थेट ‘मी’ म्हणून उभ्या केल्या, कारण तिथे बाईने स्वतः बोलणं यालाच अर्थ होता. म्हणून लेखक आपल्या हयातीत लोकांशी कसा बोलत होता हे आधी पाहा. भाषणं गाजवणाऱ्याला व्यासपीठ द्या, अबोल कवीला देऊ नका.

आता संहिता. कुणाकडून लिहून घेऊ नका, स्वतः बांधा. या कामाला वर्ष लागेल, आणि ते वर्ष दिल्याशिवाय पुढची पंचवीस मिळत नाहीत. समग्र लेखन दोनदा वाचा. पहिल्यांदा पेन्सिल हातात घ्यायची नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचायचं आणि जे तोंडात बसतं त्यावरच खूण करायची. डोळ्यांना उत्तम वाटलेल्या उताऱ्यांतले निम्मे तरी इथे गळतात.

मग नोंदवही. प्रत्येक उताऱ्यापुढे पुस्तक, आवृत्तीचं साल, पान, बोलणारा कोण, मिनिटं, आणि समजायला आधी काय ठाऊक असावं लागतं, एवढं लिहा. उतारा चार ते सात मिनिटांचा ठेवा. चारपेक्षा कमी असेल तर तो सुभाषित होतो. सातच्या पुढे गेला तर त्याला स्वतःचं नाट्य लागतं, आणि असे उतारे पाच-सहाच सापडतील. विरामांसह रंगमंचावरचं मराठी मिनिटाला साधारण नव्वद ते शंभर शब्द चालतं, म्हणजे दीड तासाचा प्रयोग धरला तर आठ-नऊ हजार शब्द. तेवढ्यावर थांबू नका. पहिल्या प्रयोगाआधी अडीच तासांचा मजकूर पाठ हवा, तिसऱ्या वर्षापर्यंत चार तासांचा. म्हणजे चाळीसेक उतारे, त्यातले एका वेळी पंधरा-सोळा. दरवर्षी पाच नवे घ्या, तीन-चार विश्रांतीला पाठवा.

भांडाराचा तोटा असा की न बोललेला उतारा विरतो. कोणताही उतारा सहा आठवड्यांत एकदा तरी पूर्ण आवाजात, उभं राहून म्हटला गेला पाहिजे. मनातल्या मनात म्हटलेलं धरू नका. जीभ आणि श्वास यांचं पाठांतर वेगळं असतं, आणि रंगमंचावर तेच कामी येतं. प्रयोगांचा हंगाम इथे घात करतो. जयंती, पुण्यतिथी आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांच्या आसपास आमंत्रणं येतात, पावसाळ्यात वही मिटलेली राहते. त्या महिन्यांत वाचनालयात किंवा कुणाच्या घरी तीस माणसांसमोर एक तास बोला, पण बोला.

जोडवाक्यांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण वारसा जपताजपता बिघडतो तो इथेच. दोन उताऱ्यांमधली तुमची वाक्यं एकूण मजकुराच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नकोत. ती छापील संहितेत वेगळ्या रंगात ठेवा. नट वाईट नसतो, प्रेक्षकही वाईट नसतात, पण जोडवाक्याला हशा मिळतो, पुढच्या प्रयोगात ते थोडं वाढतं, शंभराव्या प्रयोगाला त्याला टाळी पडते, आणि वर्षभरात ते मोबाइलवर ‘गडकरी म्हणाले’ म्हणून फिरू लागतं. म्हणून जोडवाक्यं साधी, आजच्या बोलीतली असावीत. गडकरी शैलीची कोटी स्वतः रचून घालायचा मोह कितीही झाला तरी टाळा. मजकूर गडकऱ्यांचा असेल तेव्हा टेबलाजवळ आणि निवेदकाचा असेल तेव्हा खुर्चीशी, अशा जागा पक्क्या केल्या तर प्रेक्षकालाही न सांगता फरक कळतो.

लेखकाचे शब्दही हलतात. पंचवीस प्रयोगांनंतर एकाचं ध्वनिमुद्रण करा आणि पुस्तक समोर ठेवून ओळ न् ओळ पडताळा. चुका ठरलेल्या असतात: जुन्या शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द आलेला असतो, वाक्याची शेपटी गळलेली असते, ‘अहो’, ‘बरं का’ शिरलेलं असतं, त्रिपदी याद्यांची चौपदी झालेली असते. सापडलेली चूक लगेच दुरुस्त करा. पन्नास प्रयोग तोंडात राहिलेली चूक काढायला नवं पाठांतर करावं लागतं.

गडकऱ्यांच्या भाषेचे दोन खास पेच आहेत. पहिला लांब वाक्याचा. नट स्वल्पविरामाला श्वास घेतो आणि क्रियापदापर्यंत पोचेपर्यंत प्रेक्षकाच्या हातून कर्ता सुटलेला असतो. तालमीत वाक्य उलटं बांधा. आधी क्रियापद कुठे आहे ते शोधा, मग कर्ता आणि क्रियापद यांना सारखं वजन देऊन मधलं सगळं एका चढत्या सुरात घ्या. श्वास अर्थाच्या जोडावर घ्या, छापील चिन्हावर नको. दुसरा पेच कोटीचा. कोटीच्या आधी थांबलात की ती येते आहे हे कळतं आणि मरते. सरळ बोला, दोन्ही अर्थ ज्या शब्दात आहेत तो स्वच्छ उच्चारा, आणि थांबायचं ते नंतर. गडकऱ्यांच्या कोट्या एकीला चिकटून दुसरी अशा येतात. पहिलीवर हशा आला तर दुसरी त्यात बुडते, म्हणून हशाचा आवाज उतरू लागला की पुढचा शब्द टाका, पूर्ण विरेपर्यंत वाट पाहू नका.

कळत नसलेले शब्द बदलायचे का? नाही. मिनिटाला एखादा अनोळखी शब्द प्रेक्षक संदर्भाने पेलतो. पण विनोदाची कळच त्या शब्दात असेल, तर तो शब्द दोन-तीन मिनिटं आधीच्या जोडवाक्यात सहज वापरून ठेवा. हशाच्या तोंडावर अर्थ सांगणं म्हणजे विनोदाची शिकवणी होते.

मांडणी जन्मापासून मृत्यूपर्यंत नको, शाळेतल्या भाषणासारखं होतं. एक संध्याकाळ, एक जागा आणि निवेदकाला आजच बोलावंसं का वाटलं याचं एक कारण ठरवा. पहिला उतारा हशाचा, पण सगळ्यात मोठ्या हशाचा नको. सगळ्यात गाजलेला उतारा शेवटून दुसरा ठेवा. शेवट कमी ऐकलेल्या मजकुराने करा, म्हणजे लोक पुस्तक शोधत घरी जातात. आणि लेखकाचा देव करू नका. ‘एकच प्याला’तल्या सिंधूचं सोसणं आजच्या प्रेक्षकाला टोचतं. ते टोचू द्या. असे उतारे गाळायचे की संदर्भासह घ्यायचे हा निर्णय तुमचा, पण गुपचूप शब्द मऊ करणं हा तिसरा मार्ग मी मानत नाही. ‘राजसंन्यास’बद्दल तर हे आधीच ठरवा. त्यातल्या संभाजी महाराजांच्या चित्रणावरच्या रागातून २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडला गेला. तो मजकूर घ्यायचा तर का घेतो याचं उत्तर नट आणि आयोजक दोघांपाशी तयार हवं. प्रयोगाच्या दिवशी विंगेत ठरवायची ही गोष्ट नाही.

हक्कांबद्दल. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतात. गडकऱ्यांचं लेखन कधीच मुक्त झालं आहे, मृत्यूनंतर छापलेलंही. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा नियम वेगळा आहे: तिथे ६० वर्षं पहिल्या प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, पण गाणी १९५२ मध्ये आली, म्हणून हक्क २०१२ अखेर संपले. अत्रे आणि अण्णाभाऊ साठे दोघेही १९६९ मध्ये गेले, त्यांचे हक्क २०२९ अखेरपर्यंत आहेत. गदिमांचे २०३७ पर्यंत, पु. लं.चे २०६० पर्यंत. पत्रांचे हक्क लिहिणाऱ्याकडे असतात, ज्याच्या कपाटात ती सापडली त्याच्याकडे नाही. संपादकाच्या टिपा आणि प्रस्तावना, अनुवाद आणि लोकांच्या कानात बसलेली चाल यांचे हक्क मूळ लेखनापासून स्वतंत्र असतात. आणि हक्कांपलीकडे प्रामाणिकपणाचा एक मुद्दा: ‘एकच प्याला’तली पदं वि. सी. गुर्जरांची आहेत. ती गडकऱ्यांची म्हणून गाऊ नका.

पुढेमागे हक्क शाबूत असलेला लेखक घेतलात, तर प्रकाशकाची परवानगी पुरेशी समजू नका. बहुतेकदा त्याच्याकडे फक्त छपाईचे हक्क असतात, प्रयोगाचे वारसांकडे. करार लेखीच हवा, आणि त्यात मुदत व प्रदेश लिहिलेला हवा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पंचवीस वर्षांच्या कामाचा पाया पाच वर्षांत सरकू देऊ नका. प्रयोग, ध्वनिमुद्रण आणि इंटरनेटवरचं प्रसारण यांचा उल्लेख वेगवेगळा करा.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि नंतर घातलेला मजकूर पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो. भांडाराच्या पद्धतीला यातून सोपी वाट आहे: दीड तासाची नव्हे, तयार असलेल्या सगळ्या उताऱ्यांची संहिता एकत्र सादर करा. नव्या उताऱ्यांची पुरवणी वर्षातून एकदाच द्या.

रंगभूषा निवेदकामुळे हलकी झालीच आहे. स्वतःच्या हाताने अर्ध्या तासात होईल एवढीच ठेवा, कारण निम्मे प्रयोग रंगपटाचं नाव नसलेल्या सभागृहांत असतील. मिशी लावणार असाल तर त्वचा कोरडी करून, गोंद चिकट होईपर्यंत थांबून मग दाबा. घामाने आधी ओठाच्या कडा सुटतात, म्हणून दुसरी मिशी खिशात हवी. मिशीमुळे प, फ, ब, भ, म हे ओठांचे उच्चार बदलतात, तेव्हा शेवटच्या दहा तालमी मिशीसकट करा. म्हातारपण घशातून काढू नका, खरखरीत आवाज एका मोसमात स्वरयंत्र दुखावतो. वय श्वासाच्या अंतरात आणि उठण्या-बसण्यात दाखवा.

वही, नोंदवही आणि पडताळणीच्या नोंदी पहिल्या दिवसापासून अशा ठेवा की दुसऱ्याला वाचता येतील. प्रत्येक उताऱ्यापुढे कुठे हसले, कुठे शांतता पडली, कोणता शब्द गावोगाव अडला, हे तारखेसह लिहा. पंधराव्या वर्षाच्या सुमारास एखादा तरुण नट किंवा नटी हाताशी घ्या. आधी त्याला पडताळणीला बसवा, पुस्तक त्याच्या हातात आणि बोलणारे तुम्ही. मग पाच उतारे त्याला द्या. तुमचे आघात तुमच्या श्वासाला शोभणारे असतात, ते त्याला शिकवू नका. त्याला पुस्तकातून स्वतः काढू द्या, आणि तो तुमच्याहून वेगळ्या जागी थांबला तर आधी पुस्तक उघडून पाहा.